नवापैकी सहा

चष्मेवाल्यांनी सोल्डरचा शेवटचा थेंब ठेवला, त्यावर फुंकर मारली आणि स्विच दाबला. ट्रान्समीटरच्या लोखंडी पेटीतले काचेचे पाच जुने व्हॉल्व्ह आधी लालसर, मग नारिंगी झाले. नव्याने बसवलेला सहावा जांभळा उजळला. त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना चष्मे लावून दिले होते, पण समोरचं धूसर झालं की आधी स्वतःचे डोळे पुसून बघावेत, हे त्यांना नेहमी उशिराच सुचे.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी मोर्सची चावी दाबून धरली. "सूर कसा सरळ आहे! सुईसारखा!"

"मी बहिरी नाही," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

काकूंना न ऐकून भागणारच नव्हतं. चष्मेवाल्यांच्या खोलीत जागा संपली तेव्हा दुसरा रिसीव्हर स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर गेला होता. आत चष्मेवाले मोर्सची चावी खटखटवत, आणि बाहेर मिठाच्या बरणीशेजारून ते सगळं पिपाणीच्या आवाजात वाजे. हा रिसीव्हर तात्पुरता ठेवला होता. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली.

ट्रान्समीटर चष्मेवाल्यांनी ऐन तरुणपणी स्वतः बांधला होता आणि पहिल्या दिवसापासून त्यात एक खोट होती. प्रत्येक सूर नीट निघे आणि शेवटी किंचित खाली घसरे, अंधारात पायरी चुकावी तसा. हौशी रेडिओवाल्यांत याला चिवचिव म्हणतात, आणि चिवचिवणाऱ्या माणसाकडे गाण्याच्या बैठकीत शिंकणाऱ्याकडे बघावं तसं बघतात. त्यांच्या रेडिओ मंडळातले लोक त्यांना चिमणी म्हणत. "आली हो चिमणी!" असं कोणी म्हटलं की चष्मेवाले हसत, आणि पुढचे दोन दिवस हसत नसत.

मंडळाचं सोडा, त्यांना लागे ते डॉक्टरांचं. हे डॉक्टर दातांचे, सहाशे किलोमीटरवर राहणारे. रोज सकाळी सातला दोघं एकमेकांना रेडिओवर गाठत. प्रत्यक्ष भेट तीनदाच झाली. पहिल्या भेटीत हॉटेलात समोरासमोर बसल्यावर दोघांना बोलायला काही सुचेना. शेवटी त्यांनी चमच्यांनी टेबलावर खटखट सुरू केली आणि गप्पा रंगल्या. वेटर दोनदा येऊन विचारून गेला.

या छंदात भेटीअंती एकमेकांच्या सुराला नवापैकी गुण द्यायची रीत आहे. बहुतेक लोक डोळे मिटून नऊ देतात; कोणाचं बाळ बघायला गेल्यावर बाळ गोड आहे म्हणतात, तसं. डॉक्टर सहा देत. एकतीस वर्षं रोज सहा. चष्मेवाल्यांच्या साठीला त्यांनी मिठाई पाठवली आणि सकाळी सहाच दिले.

"दुखणार नाही, एवढं एकच खोटं मी बोलतो," डॉक्टरांनी एकदा कळवलं होतं, "आणि तेही फक्त पेशंटशी."

म्हणून त्र्याहत्तराव्या वर्षी चष्मेवाल्यांनी कंबर कसली. जुना ट्रान्सफॉर्मर आणि फुगलेले कंडेन्सर भंगारवाल्याला दिले. त्यानेही आधी आढेवेढे घेतले. वीजदाब धरून ठेवणारा तो जांभळा व्हॉल्व्ह मिळवायला मात्र त्याआधीची चार वर्षं आणि सतरा पत्रं लागली होती.

सात वाजले. चष्मेवाल्यांनी हाक दिली. डॉक्टरांचं उत्तर आलं, पण सावकाश. गेली दोन वर्षं त्यांचा हात मंदावला होता. एकच प्रश्न दोनदा विचारत. चष्मेवाले दोनदा उत्तर देत. त्यांना वाटे, वय झालं, एवढंच.

"सूर नऊ," डॉक्टरांनी कळवलं. "उत्तम. आपण कोण?"

चष्मेवाल्यांनी आपली कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळखीची अक्षरं, पुन्हा दिली, मागोमाग नाव दिलं, आणि गंमत चालली असेल म्हणून हसण्याची खूणही दिली.

पलीकडून उत्तर आलं.

"ही कॉल साइन माझ्या मित्राची आहे. कृपया वापरू नये." आणि डॉक्टर निघून गेले.

चष्मेवाले स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले.

"किती दिले?" काकूंनी विचारलं.

"नऊ."

"मग तोंड असं का?"

"मला नाही दिले."

काकूंनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

त्यानंतर चार सकाळी चष्मेवाल्यांनी हाका मारल्या. मंडळातल्या लोकांनी सुराची वाहवा केली, चिटणीसांनी तर फोन करून अभिनंदन केलं. डॉक्टरांकडून काही नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला.

"काका, तुम्ही बरे आहात ना?"

"ठणठणीत. का गं?"

"नाही, म्हणजे… बाबांनी मंगळवारी तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. मलाही उभं केलं. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं."

"माझ्यामुळे उगाच," चष्मेवाले म्हणाले.

"म्हणाले, तो गेला आणि कोणीतरी त्याचं नाव लाटतंय. मी म्हटलं, फोन करून बघू या."

"दे त्यांना फोन."

डॉक्टर फोनवर आले. चष्मेवाले पाच मिनिटं बोलले: चमचे, हॉटेल, वेटर, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन मुलीकडे दिला. त्यांचं बोलणं चष्मेवाल्यांना ऐकू आलं.

"आवाज चांगला काढतो. पण तो नाही."

मुलगी पुन्हा फोनवर आली तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता.

"काका, मला ते हल्ली ताई म्हणतात. त्यांची ताई, म्हणजे माझी आत्या. ती जाऊन वीस वर्षं झाली. नातवंडांना तर पेशंट समजतात, आ करायला लावतात. सकाळी सातला मशीनवर बसले की तेवढी पंधरा मिनिटं ते बाबा असायचे. मी चहा घेऊन जायचे ना, तर मला नावाने हाक मारायचे." मग ती घाईने म्हणाली, "तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका."

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला आणि पेचकस घेऊन खोलीत गेले.

दुरुस्ती करता येणाऱ्या माणसाला बिघाडही करता येत असेल, असा एक समज आहे. तो खरा नाही. चष्मेवाल्यांनी जांभळा व्हॉल्व्ह काढला, पण सूर ढळेना. नवा ट्रान्सफॉर्मर नको तितका प्रामाणिक होता. ते भंगारवाल्याकडे गेले. जुना ट्रान्सफॉर्मर कधीच वितळला होता. "तुम्हीच म्हणालात की घेऊन जा," भंगारवाला म्हणाला, आणि यात त्याची काही चूक नव्हती. मग त्यांनी मुद्दाम विजेच्या वाटेत अडथळा म्हणून एक फिरतं बटण बसवलं; ते पिळलं की दाब ढासळे. पहिल्या दिवशी सूर बेडकासारखा निघाला. दुसऱ्या दिवशी दारासारखा करकरला. दोन्ही दिवशी सातला हाक दिली. दोन्ही दिवशी खरखर.

तिसऱ्या दिवशी ते सहालाच बसले. कानावर हेडफोन, एक हात चावीवर, एक बटणावर.

"तो नाही," बाहेरून काकूंचा आवाज आला.

चष्मेवाल्यांनी हेडफोन सरकवला. "काय नाही?"

"हा पहिल्यापासूनच रडतोय. तो आधी नीट चालायचा, मग पडायचा."

चष्मेवाल्यांनी बटण जरासं फिरवलं.

"आता?"

"आता पडला. पण जिन्यावरून पडला. तो एकच पायरी चुकायचा."

पुन्हा जरासं. चष्मेवाल्यांना आधीचा आणि आताचा, दोन्ही सूर अगदी सारखे ऐकू आले. त्यांनी पुन्हा दोन्ही वाजवले. सारखेच. ही गोष्ट त्यांनी स्वतःपाशीच ठेवली.

"हा बरा, की हा?" त्यांनी विचारलं. चाळीस वर्षं भिंगं बदलत ते हाच प्रश्न विचारत आले होते. उत्तर आपल्याला ठाऊक नसताना विचारायची ही पहिलीच वेळ.

"पहिला."

"आता? हा, की हा?"

"दुसरा. थोडं मागे घ्या. फार नाही हो! हां… अजून केसभर."

"तुला इतकं कसं आठवतं?"

"एक्केचाळीस वर्षं कोणाच्या तालावर भाजी चिरतेय मी?" काकू म्हणाल्या. "थांबा, हलू नका. हाच. हात काढा बटणावरून."

चष्मेवाल्यांनी हात काढला आणि बटणावर लाखेचा थेंब टाकून ते कायमचं बसवलं. घड्याळात सातला दोन मिनिटं कमी होती.  स्वयंपाकघरात सुरीचा आवाज थांबला होता.

सातला त्यांनी हाक दिली. एकदा. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा हात चावीकडे गेला आणि तिथेच थबकला.

"उशीर केलास," पलीकडून आलं. मंद, पण अक्षर न् अक्षर ओळखीचं. "कुठे होतास?"

"मशीन बिघडलं होतं."

"तुझ्या गैरहजेरीत एक तोतया येत होता. तुझं नाव सांगायचा. सूर फार सुरेख होता त्याचा."

"मग?"

"म्हणूनच पकडला."

पंधरा मिनिटं गप्पा झाल्या. डॉक्टरांनी हवा विचारली, थोड्या वेळाने पुन्हा विचारली. चष्मेवाल्यांनी दोन्हीदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा थोडी सविस्तर. मध्येच डॉक्टर म्हणाले, एक मिनिट, मुलगी चहा घेऊन आली आहे. शेवटी त्यांनी नेहमीप्रमाणे गुण दिले आणि निरोप घेतला.

चष्मेवाल्यांनी वही उघडली, तारीख घातली, वेळ लिहिली आणि गुणांच्या रकान्यात आकडा वळणदार काढला.

"किती?" बाहेरून काकूंनी विचारलं.

"सहा."

"बरे आहेत," काकू म्हणाल्या, आणि सुरी पुन्हा चालू लागली.