चांद्या मागं सरत नाही

सहकारी कारखान्यानं नळदुर्गाजवळच्या माळावर 'जुनं शेत' उभारलं होतं. शहरातली पोरं बैलगाडीत बसून चकरा मारत होती. रेवणप्पाचं डोकं फिरलं. हे लोक ज्याला जुनं म्हणत होते, ते त्याच्या रानात गेल्या दिवाळीपर्यंत चालू होतं.

दुष्काळात विकलेला त्याचा बैल, चांद्या, इथं आहे, असं बाजारात कळलं म्हणून तो बायकोला, इरम्माला घेऊन एस्टीनं आला होता. चांद्या मोटेला जुंपलेला दिसला. अंगावर झूल होती, शिंगं रंगवलेली होती. विहीर मात्र नावाचीच, कंबरभर खोल आणि कोरडी ठाक.

बैलांनी मोट ओढली. ती रिकामीच वर, दगडी थारोळ्यापर्यंत आली. जोडीचा बैल मागं सरायला लागला, पण चांद्या जागचा हलला नाही. मोट हाकणाऱ्या गड्यानं त्याच्या पाठीवर चाबूक ओढला. लोक हसले.

"लई अडेल हाय," गडी म्हणाला.

"अडेल न्हाय त्यो," रेवणप्पा म्हणाला. "थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज आल्याबिगर मागं सरत न्हाय. म्याच शिकवलंय."

इरम्मानं पिशवीतला पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो सगळा दगडी थारोळ्यात ओतला. आवाज कानी पडताच चांद्या मुकाट्यानं मागं सरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मोट पुन्हा रिकामी वर आली. चांद्या थांबला, कान टवकारून उभा राहिला. रेवणप्पा रिकामा तांब्या धरून तसाच उभा होता. गड्यानं चाबूक उचलला.