हिरवळीची लव

उत्तरायणाचे पतंग उडून चार दिवस झाले होते, तेव्हा मृदुलाने टेप घेऊन मागचं अंगण मोजलं. लांबी साडेआठ मीटर, रुंदी पाच मीटर दहा. पेरूचं झाड एक, कढीपत्ता एक, तुळशीवृंदावन, कपड्यांच्या तारा तीन, धुण्याचा दगड, गंजलेली सायकल आणि कुंपणात अडकलेले फाटके पतंग अकरा. दगड आणि सायकल हलवली की सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद पट्टी मोकळी होत होती. तिने ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पट्टी हवी होती तिच्या वडिलांसाठी. पिलाजीरावांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते; ते स्वतः कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि दर रविवारी मित्राबरोबर, उदयसिंहरावांबरोबर, गोल्फ खेळणारे. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात मात्र सदऱ्याचं बटण लावताना अडखळायचा. त्या हाताने चारचौघांत मैदानावर जायला ते तयार नव्हते. व्यायाम करवून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, हाताला आवडीचं काम द्या. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मृदुलाने ठरवलं की मैदानच घरी आणायचं. सगळं नाही, चेंडू हलकेच ढकलून भोकात घालण्यापुरतं. नकली हिरवळीची एक पट्टी, तिच्या एका टोकाला भोक.

"दारात चांगली माती असताना प्लास्टिकचं गवत?" तिची आई विजयमालाबाई म्हणाल्या. "एखादी गाय आत आली तर फसेल बिचारी."

दांडिया बाजारातला जनार्दनभाई हॉटेलांतून गालिचे बसवायचा. त्याने जमीन ठोकून घेतली, दगडाची बारीक कच पसरली, पाणी मारून सपाट केली. मृदुलाने पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची पातळी तपासली. फरक तीन मिलिमीटर. हिरवळ तीन-तीन मीटरच्या दोन तुकड्यांत आली होती. दोन्ही तुकड्यांची एक कड कारखान्यातून आलेली, अगदी सरळ. दुसरी दुकानात सुरीने कापलेली, वाकडीतिकडी. जनार्दनभाईने दोन्ही सरळ कडा एकमेकींना भिडवून खालून चिकटवल्या. सांध्यावरून बोट फिरवलं तरी कळत नव्हता.

"भोकाकडचा तुकडा गडद दिसतोय," विजयमालाबाई गच्चीवरून म्हणाल्या.

"नवा माल आहे, काकी. उन्हाचा तडका लागू द्या, दोन्ही सरखे होऊन जातील."

आठवडाभर कडक ऊन लागलं. रंग होता तसाच राहिला.

पिलाजीराव रोज सकाळी चार मीटरवरून वीस चेंडू मारायचे. चेंडू सांध्यापर्यंत छान जायचा आणि पलीकडे जाऊन दमल्यासारखा थांबायचा. जोर लावला की वाकडा पळायचा. मृदुला खुर्ची टाकून नोंद करत होती. पोहोचले शून्य. पोहोचला एक. पोहोचले शून्य. दहा दिवसांत सरासरी एकसष्ट सेंटीमीटर कमी.

अकराव्या दिवशी त्यांनी गोल्फची काठी भिंतीला टेकवली. "उदयसिंहरावांना फोन केलाय. रविवारी येऊन काठ्यांची बॅग घेऊन जातील."

"आबा, अजून पंधरा दिवस बघू या."

"वही तूच लिहितेस ना? वाच की."

आकडे तिचेच होते, आणि खरे होते. दुपारभर ती वही चाळत बसली. एखाद्या माणसाला त्याचा हात गेला असं पटवून द्यायचं असतं, तर याहून नीटनेटका पुरावा कोणी केला नसता.

शनिवारी विजयमालाबाई हिरवळीवर पडलेली पेरूची पानं वेचत होत्या. वेचता वेचता त्या मध्येच थांबल्या, एका तुकड्यावर तळवा फिरवला, मग दुसऱ्यावर.

"मृदुला, याची लव उलटी लागलीय गं."

"कसली लव?"

"मखमलीला असते ती. एका अंगाने हात फिरवला की निजते, दुसऱ्या अंगाने उभी राहते. कापडाचे दोन पाट उलटसुलट जोडले की एक गडद दिसतो. तुझ्या आत्याची लग्नातली चोळी मी अशीच बिघडवली होती. तीस वर्षं झाली, अजून ऐकवते."

मृदुलाने हात फिरवून पाहिला. इकडची पाती भोकाकडे झुकली होती, पलीकडची सगळी सामोरी उभी होती. दहा दिवस तिने फक्त हात मोजला होता, गवत मोजलंच नव्हतं. तिने जुन्या खिडकीची अॅल्युमिनियमची पट्टी दोन विटांवर तिरकी टेकवली आणि तिच्यावरून चेंडू सोडले. मारणारा हात कोणाचाच नव्हता. दोन्ही तुकड्यांवर भोकाच्या दिशेने दहा-दहा. इकडच्या तुकड्यावर चेंडू सरासरी दोन मीटर एक्केचाळीस गेला, पलीकडच्यावर एक मीटर सहासष्ट.

जनार्दनभाई तासाभरात आला. त्यानेही तळवा फिरवला. "मी सरळ कड बघितली, बेन," तो म्हणाला. "लव नाही बघितली." त्याने तुकडा उचलून फिरवला, वाकडी कड लोखंडी पट्टी धरून कापली, नव्याने भोक पाडलं आणि त्यातून निघालेली चकती जुन्या भोकात बसवली. सांधा आता दिसत होता. रंग मात्र एक झाला.

पिलाजीराव दारात उभे राहून सगळं पाहत होते. "म्हणजे माझ्या हाताला काही झालेलंच नाही?"

मृदुलाला हो म्हणायचं होतं. "ते अजून मोजलं नाही, आबा."

रविवारी उदयसिंहराव आले तेव्हा बॅग दाराशीच होती.

"नेऊ की नको?" त्यांनी विचारलं.

"विसातले सात पोहोचले तर राहील. नाहीतर तुमची."

"सात? पिलाजीराव, माझे दोन्ही हात धड आहेत, तरी मी कधी सात घातले नाहीत."

"म्हणून तर बॅग तुम्हाला देतोय. शिका."

विजयमालाबाईंनी चहा आणून ठेवला. कोणी घेतला नाही. मृदुलाने वहीचं नवं पान उघडलं.

अंतर चार मीटर. चेंडू वीस. पोहोचले नऊ. कमी पडले अकरा. सरासरी चौदा सेंटीमीटर.