चोविसावा खिसा

माप

छाती अडतीस. कंबर चौतीस. उंची सव्वीस. बिनबाह्यांची बंडी, आत फ्लॅनेलचं अस्तर, अस्तरावर तेवीस खिसे.
नाव:

नावापुढची जागा मास्तरांनी रिकामी सोडली. गिऱ्हाईक म्हणालं, न्यायला मीच येणार, नाव कशाला?

वहिनींनी मात्र त्याचं नाव ठेवलं. वहिनी म्हणजे मास्तरांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून दुकानात काज-बटणं करायचं आणि हेम घालायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायचंही. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पंखा गरम वारा फेकत होता, आणि हा माणूस फ्लॅनेल मागत होता. तो पायरी उतरतो न उतरतो तोच वहिनी म्हणाल्या, "हा गारठोबा कुठून आला, भावजी?"

खिशाचं माप म्हणून गारठोबाने एक लिंबू टेबलावर ठेवलं होतं. एवढी वस्तू बसली पाहिजे, हलता कामा नये, दाबली जाता कामा नये. प्रयोगशाळेच्या काचेच्या नळ्या आहेत म्हणाला, वाटेत गरम राहाव्या लागतात.

नळी लिंबासारखी गोल कशी, हा प्रश्न मास्तरांच्या डोक्यात आला. आला तसा गेलाही. हातात कात्री होती, आणि काम नवीन होतं. पँटी आखूड करून करून कंटाळलेल्या माणसाला तेवीस गोल खिशांची बंडी म्हणजे मेजवानीच.

बेतणी

उजवीकडे बारा, डावीकडे अकरा, असं गारठोबाने सांगितलं होतं.

मास्तरांनी खडूने आखलं, पुसलं, पुन्हा आखलं. एक बाजू बारा आणि एक बाजू अकरा हे काही त्यांच्या हातून होईना. डाव्या मुंढ्याखाली, काखेच्या जरा पुढे, मोकळी जागा सारखी डोळ्यांना खुपत राहिली. शेवटी तिथे चोविसावा खिसा आला. बाकीच्यांसारखाच, दुहेरी फ्लॅनेलचा, तोंडाला इलॅस्टिक, मागे हवेसाठी तीन बारीक भोकं. भोकंही कुणी मागितली नव्हती. काचेच्या नळ्यांना हवा कशाला लागते, हे वहिनींनी विचारलं. मास्तर म्हणाले, कपड्याला लागते.

"एक डोळा मोठा, एक बारीक असा माणूस आला तर त्याचाही सारखा करून पाठवाल," वहिनी म्हणाल्या.

बंडी नेताना गारठोबाला हा जास्तीचा खिसा कोणी सांगितला नाही. फुकट केलेलं काम बोलून दाखवायची मास्तरांना सवय नव्हती.

उसवण

तीन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, गारठोबा दारात. चेहरा ओढलेला, डोळे तांबारलेले, शर्टाखाली बंडी. प्रवासातून येऊन, माल पोचवून, तो थेट इथेच आला होता. बंडी काढून त्याने टेबलावर ठेवली. काल सकाळपासून डाव्या काखेत टोचतंय म्हणाला, शिलाईची गाठ राहिली असेल, तेवढी काढून द्या. गुरुवारी परत निघायचंय. तांब्याभर पाणी घटाघटा प्याला आणि गेला.

बंडी अजून अंगासारखी गरम होती.

मास्तरांनी छोटी कात्री घेतली, मुंढ्याखाली बोट फिरवलं आणि कात्री खाली ठेवली. इलॅस्टिक ताणून आत दोन बोटं घातली. बाहेर आलं एक पांढरं अंडं.

वहिनी काज सोडून उठल्या. अंडं मास्तरांच्या तळहातावर होतं. आतून कुणीतरी सुईच्या टोकाने टोकरत होतं. टोक. थांबणं. टोक, टोक. मग अगदी बारीक, लांबून आल्यासारखा आवाज.

"जिवंत आहे हो," वहिनी कुजबुजल्या.

मास्तर स्टुलावर बसले. बाकीच्या खिशांतून त्यांनी एकेक करून बोट फिरवलं. सगळे रिकामे. त्या क्षणी त्यांना सगळं एकदम समजलं. तेवीस पोचली होती. मोजणाऱ्याला तेवीस सांगितली होती, त्याने तेवीस काढून घेतली. भरणाऱ्याला मात्र खिसे दिसले चोवीस, त्याने भरले चोवीस. आणि ते सगळे खिसे शिवले होते कोणी?

वहिनींनी तोवर फ्लॅनेलच्या चिंध्यांचं घरटं करून ते टेबलावरच्या दिव्याखाली ठेवलंही होतं. मनगट आत घालून ऊब बघत होत्या, आंघोळीचं पाणी बघावं तशी.

फोन

पहिला, जनावरांच्या दवाखान्याला. कुत्रं की मांजर? अंडं. ठेवा.

दुसरा, जंगलखात्याला. पक्षी जखमी आहे का? पक्षी अजून अंड्यात आहे. मग पक्षी म्हणता येणार नाही. मग काय म्हणू? तक्रारीच्या अर्जात अंड्याला रकाना नाही, काका.

तिसरा, विमानतळावरच्या तपासणीवाल्यांना. माल आमच्या दारातून बाहेर पडला असेल तर आता तो आमचा नाही.

चौथ्या फोनवर एक तरुण बाई होती. पक्ष्यांची डॉक्टर. चोरट्या व्यापारातून सोडवलेले पक्षी जिथे सांभाळतात तिथली. तिने मास्तरांचं बोलणं अर्ध्यावर थांबवलं आणि एवढंच विचारलं की आवाज येतोय का. येतोय म्हटल्यावर म्हणाली, हलवू नका, निघालेच.

अस्तर

डॉक्टर आली ती गरम पेटी घेऊन, आणि मागोमाग साध्या कपड्यातला एक अधिकारी.

हे मोठ्या पोपटाचं असावं, ती म्हणाली. कुठल्या पोपटाचं ते अंड्यावरून कळत नाही, कवचाच्या आतल्या पापुद्र्यावरून तपासावं लागेल. तिला जी शंका होती ती खरी निघाली, तर त्या जातीचे जंगलात तीनेकशे उरले होते. जुन्या झाडांच्या ढोलीत घरटी, वर्षाला दोन-तीन अंडी. म्हणजे ही बंडी भरायला निदान आठ घरटी रिकामी झाली होती.

मास्तरांनी बंडीकडे पाहिलं नाही.

बाकीची तेवीस आज-उद्याच फुटणार होती. फुटल्यावर चार ठिकाणी पांगणार. पिल्लं जरा मोठी झाली की पायात कडी, आणि कडी आली की ती कुणाच्यातरी पिंजऱ्यातच जन्मली असं कागदावर होतं. मग कोर्टात कितीही डोकं फोडा.

अधिकाऱ्याला नाव-पत्ता हवा होता. मास्तरांनी वही उघडून दिली. छाती अडतीस, कंबर चौतीस. तो बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग म्हणाला, गुरुवारी येईल तेव्हा त्याला बंडी द्या, काही बोलू नका, आम्ही पाठलाग करू. आणि हो, तुमचाही जबाब लागेल.

दुकान रिकामं झाल्यावर मास्तर म्हणाले की आपल्याला काय ठाऊक होतं. वहिनी दोरा ओवत होत्या.

"लिंबू बघितलं होतंत ना, भावजी? मीही बघितलं होतं."

त्या संध्याकाळी दोघांनी जबाब लिहून दिला, लिंबासकट.

ट्रायल

गुरुवारी सकाळी अधिकारी गिऱ्हाईक बनून बाकावर बसला होता. संशय येऊ नये म्हणून आणलेली त्याची पँट वहिनींनी ओढून घेतली आणि खरोखरच आखूड करायला लागल्या. तो नको नको म्हणत होता. गेले वर्षभर ती रस्ता झाडत होती, असं त्याला ऐकून घ्यावं लागलं.

गारठोबा आला. बंडी अंगात घातली, डावा हात वर केला, खाली केला.

"आता टोचत नाही," तो म्हणाला. आणि हसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

मास्तरांना सांगितलं होतं की गप्प राहायचं. पण त्या हसण्यापुढे त्यांचं गप्प राहणं टिकेना. समोर उभा होता तो कुणी राक्षस नव्हता. काखेतल्या टोचणीने अख्खी रात्र झोपू न शकलेला माणूस होता.

"टोचत होतं ते अंडं होतं," मास्तर म्हणाले. "मी एक खिसा जास्त शिवला होता."

बाकावरचा अधिकारी ताडकन उठून दारात उभा राहिला. त्याने मास्तरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी दोन दिवसांची आखणी एका वाक्यात मातीत घातली होती. वहिनींची सुई थांबली.

गारठोबा पळाला नाही. अधिकाऱ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"जिवंत आहे?"

मास्तर म्हणाले, आहे. काल पहाटे बाहेर आलं. डोळे मिटलेले, अंगावर पीस नाही, मान भलती लांब. डॉक्टर दर दोन तासांनी भरवते. मग वहिनींनी मोबाईल पुढे केला. डॉक्टरने पाठवलेला फोटो होता. गारठोबाने तो बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

चार फेऱ्या झाल्या माझ्या, तो म्हणाला. अंगाची ऊब द्यायची, कुशीवर झोपायचं नाही, खोकायचं नाही. आतल्या खोलीत खोक्यांत मोजून ठेवली की मला बाहेर काढून दार बंद. आतून आवाज ऐकत आणलेली ती. पुढे त्यांचं काय होतं, हे कधी कोणी सांगितलं नाही. मागच्या खेपेला दारातूनच विचारलं, तर आतला माणूस म्हणाला, निम्मी मेली, तुला काय करायचंय?

अधिकाऱ्याने विचारलं, दार कुठलं?

गारठोबाला वेळ लागला. दाराबाहेर रस्ता होता, रस्त्यावर गर्दी होती, आणि दारात एकटा अधिकारी. मास्तरांनाही तो हिशोब दिसत होता. त्यांनी फक्त स्टूल पुढे सरकवलं.

तो बसला. पत्ता सांगू लागला. अधिकारी वहीत लिहिताना गल्लीच्या वळणाशी दोनदा चुकला, तेव्हा गारठोबाने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं. खाली नकाशा काढला. जिना, दुसरा मजला, आतली खोली. ज्या पेनाने हे लिहिलं त्याच पेनाने आपल्या जबाबावर सहीही करावी लागणार, हे त्याला कळत असावं. तरी जिन्याच्या पायऱ्या त्याने एकेक करून काढल्या.

अधिकारी फोनवर गाडी मागवत होता. गारठोबाने त्याची बाही ओढली.

"त्या खोलीत खोकी दोन आहेत, दिवा एकच," तो म्हणाला. "मागच्या खोक्यातली आधी उचला. तिथे ऊब पोचत नाही."