कांताने दिलेला कांदा

कळीच्या पाठीवर करवंदाच्या रसाची असावी तशी एक जांभळट रेघ होती, आणि सुहासिनीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं तरी ती गेली नाही. एका दांड्यावर सात कळ्या, सातही जणींच्या पाठीवर रेघ... स्पायडर लिलीच्या कळीला अशी रेघ नसते; असते ती रानातल्या गडांबी कांद्याच्या कळीला. हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती – ठाण्याच्या कॉलेजात चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं ते काय उगाच – आणि कुंडीत खोचलेल्या पट्टीवर मात्र तिच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं : स्पायडर लिली.

ही पट्टी तिने निवृत्तीच्या दिवशी लिहिली. कांता, प्रयोगशाळेतली परिचर, सव्वीस वर्षं हिच्या हाताखाली काम केलेली, निरोप समारंभाला वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कांदा घेऊन आली होती, पातीसकट. "मॅडम, आमच्या मुरबाडकडचा आहे. गडांबी कांदा. फूल बघाल तर वेडे व्हाल." आणि मी – हो, मीच – ती पात बोटांत धरून, उलटीसुलटी करून, सगळ्या स्टाफसमोर हसत म्हणाले होते, "अगं कांता, ही साधी स्पायडर लिली. रस्त्याच्या दुभाजकात लावतात ती. कुणीतरी शेंडी लावली तुला." सगळे हसले. कांताही हसली, पण समोशाची डिश तिने हात न लावता बाजूला सरकवली... ते मला दिसलं होतं. दिसलं, आणि मी पुढच्या माणसाकडे वळले.

पाच वर्षं नुसती पात. फुलाशिवाय झाड ओळखू नये, हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांकडून घोकून घ्यायची, आणि स्वतः मात्र ठाकुर्लीच्या या गॅलरीत ऊन कमी पडतं अशी समजूत घालून रोज न चुकता पाणी घालत राहिली. यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती साडेतीन महिने मुलाकडे होती. शेजारच्या रसिकाने बाकीच्या कुंड्या जगवल्या. ही एक कपडे वाळत घालायच्या स्टँडमागे राहून गेली. पात वाळून गेली. परत आल्यावर कीव येऊन दोन तांबे पाणी घातलं, तर आठवड्याभरात हा दांडा.

"काकू, कसली भारी कळी!" रसिका पलीकडच्या गॅलरीतून म्हणाली. "फोटो टाका ना तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर."

फोटो... फोटो सोपा होता. खाली लिहायचं, कांता, बघ तुझं फूल. ती हात जोडल्याचं चित्र पाठवेल, की संपलं. सुहासिनीने लिहायला घेतलं आणि बोटं आपोआप लिहून गेली – 'हा बहुधा संकरित असावा' – ते वाचून तिला स्वतःची शरम वाटली. परीक्षेत असल्या उत्तराला तिने शून्य दिलं असतं. कात्री तर हाताशीच होती. दांडा कापला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. पण चूक सगळ्यांसमोर केली, आता ती चोरून निस्तरायची? नाही. सरळ फोन करायचा, आणि गुडघा दुखला तरी उभं राहून बोलायचं.

"कांता, मी सुहासिनी. तुझा तो कांदा गडांबीच आहे. मी चुकले होते, आणि सगळ्यांदेखत तुला हसले होते."

पलीकडे, कांताच्या आंबिवलीच्या घरात, कुकरची शिट्टी झाली.

"माहितीय मला, मॅडम. आमच्या दारात दरवर्षी फुलतो तो." आणि लगेच, "यंदा पाणी तोडलं वाटतं?"

"नव्हतेच मी इथे."

"तेच. दिवाळीनंतर त्याला झोपू द्यायचं असतं. तुम्ही रोज घालत असणार."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागासाठी, रडण्यासाठी, अगदी 'जाऊ द्या हो मॅडम'साठीसुद्धा ती तयारी करून उभी होती. विचारलं नव्हतं, खरंच... आणि एकदम तिला प्रॅक्टिकलचे ट्रे दिसले. सकाळी साडेसातला, ओल्या फडक्याखाली – फुलं, कंद, मुळं, मोजून वीस मुलांना वीस, एकही नग चुकीचा नाही. सव्वीस वर्षं मी त्यांची नावं सांगत होते. आणि ती रानातून, नेमकी तीच, ओळखून कोण आणत होतं?

"कांता... प्रॅक्टिकलचं सगळं तू कुठून आणायचीस गं?"

पलीकडे गॅसची कळ फिरवल्याचा आवाज आला.

"सांगेन कधीतरी. आत्ता भात उतरवायचाय."

फोन बंद झाला. अपमान वाटायला हवा होता, आणि थोडा वाटलाही. पण ती उद्या पुन्हा विचारणार होती, नाही सांगितलं तर परवा, आंबिवलीला जाऊन, दारात बसून. आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीची इतकी भूक तिला चौतीस वर्षांत कधी लागली नव्हती.