हरणाऱ्याच्या घरी जेवण

बेसबॉल मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. तीन तास माणसं उभी राहतात, मधूनच एक जण पळतो, आणि त्या पळण्यावर बाकीचे पंधरा मिनिटं चर्चा करतात. नागपूरला आमच्या कॉलनीत पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळायची, त्यात याहून जास्त काहीतरी घडायचं. पण सिअ‍ॅटलच्या शेजारी बॉथेलमध्ये अठरा वर्षं काढल्यावर आणि आन्यासारखी लेक पोटी आल्यावर मला या खेळातलं नको तितकं कळतं. इथल्या मरिनर्स टीमची तर कुंडलीच पाठ आहे, फक्त मला ती कुणी विचारू नये.

दर मार्चमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, आमच्याकडे भाकितं होतात. मी तर्री-पोहे करते. पोह्यांबरोबर बेसबॉलची कोडी सोडवायची, आणि मग भाकितं. सीझनमध्ये एकशे बासष्ट सामने असतात, त्यातले मरिनर्स किती जिंकतील, तो आकडा प्रत्येकाने सांगायचा. राकेश, म्हणजे माझा नवरा, पांढऱ्या बोर्डवर आकडे लिहून तो बोर्ड फ्रिजच्या बाजूला टांगून ठेवतो. सीझन संपला की ज्याचा आकडा सगळ्यांत लांब पडला तो हरला, आणि ऑक्टोबरात हरणाऱ्याच्या घरी जेवण. बाहेरून काही मागवायचं नाही, सगळं स्वतःच्या हाताने, आणि पानात सांबारवडी हवीच. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. आमचे इथले जुने स्नेही गुरुदत्त भाऊजी पुण्याचे, ते तिला पुडाची वडी म्हणतात आणि दर वर्षी मला दुरुस्त करतात. मी ऐकून घेते. ते स्वतः बऱ्याचदा हरलेत आणि त्यांच्या वड्या तेलात उघडतात, हे सगळ्यांनी पाहिलंय.

हा सगळा उद्योग आन्याने तिसरीत असताना सुरू केला. त्या पहिल्या वर्षी राकेशने ऑफिसात प्रेझेंटेशन द्यावं तशा थाटात सांगितलं होतं, "नव्वद जिंकणार, पन्नास हरणार, बावीस ड्रॉ." बेसबॉलमध्ये ड्रॉ नसतो, निकाल लागेपर्यंत खेळतच राहतात. आन्या हसता हसता सोफ्यावरून खाली पडली. अजूनही बाबाला चिडवायचं असलं की ती नुसतं "बावीस ड्रॉ" म्हणते.

ती स्वतः कधीच हरली नाही. ती मनात येईल तो आकडा सांगत नाही. कोण दुखापतीतून उठलाय, कोणाचा खांदा थकलाय, सगळा हिशेब करून सांगते, आणि दोन-चारच्या फरकाने बरोबर येते. त्यामुळे माझी लेक आमच्या त्या ऑक्टोबरच्या जेवणात नेहमी पाटावर बसून आयती जेवते.

भाकितं झाली की गुरुदत्त भाऊजींचा शेवटचा प्रश्न असतो. त्यांना इथे येऊन तीस वर्षं झाली, पासपोर्टही इथलाच, म्हणून त्यांना असले प्रश्न सुचतात. मरिनर्स ही एकच टीम अशी आहे, जी अजून कधीच वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत, पोचली नाही. एका वर्षी एकशे सोळा सामने जिंकले, तरी नाही. गेल्या ऑक्टोबरात तर अगदी दारात पोचले होते, शेवटच्या सामन्यात पुढेही होते, आणि टोरांटोने त्यांना घरी पाठवलं. आणि राकेशच्या ग्रीन कार्डाची फाइल आन्या दुसरीत असल्यापासून रांगेत आहे. भारतात जन्मलेल्यांची रांग वेगळी, आणि ती हलली तर हलते. म्हणून भाऊजी विचारतात, "आधी काय? मरिनर्सची वर्ल्ड सिरीज की राकेशचं ग्रीन कार्ड?" पूर्वी सगळे हात ग्रीन कार्डाच्या बाजूने वर व्हायचे. मग एकेक हात मरिनर्सकडे गेला. आम्ही पोट धरून हसायचो, मीसुद्धा.

यंदा मला हसू येणार नव्हतं. येत्या ऑगस्टमध्ये आन्याला एकवीस पूर्ण होतात, आणि एकवीस झाली की मुलं आईबापाच्या फाइलमधून गळतात, मग स्वतःचा व्हिसा मिळवा नाहीतर देश सोडा. अडीच वर्षांची आणली तिला इथे. तिला नागपूरचं काही म्हणजे काही आठवत नाही, दीक्षाभूमीवर काढलेला एक फोटो तेवढा आहे. तिला टोरांटोच्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. टोरांटो! जगात दुसरं गाव नव्हतं का? मी महिनाभर तिच्या मागे लागले होते, स्टुडंट व्हिसा घे, इथेच शिक, पुढचं पुढे बघू. ती म्हणायची, "सांगते, आई." मला ती जायला नको होती. याहून शहाण्या शब्दांत मला ते सांगता येत नाही.

तर त्या रविवारी भाऊजी आले, आणि राकेशच्या ऑफिसातला सुशांत आला. सुशांत मुंबईचा, दोन वर्षांपूर्वी आलेला, अजून सगळ्याची हौस असलेला. कोडी यंदा आन्याने काढली होती.

"बॅटर तीनदा चुकला," ती म्हणाली, "स्ट्राइक थ्री. तरी तो आउट नाही, पळून फर्स्ट बेस गाठू शकतो. कसा?"

"असं कसं होईल यार?" सुशांत म्हणाला. "थ्री स्ट्राइक्स म्हणजे गेला."

भाऊजी डोळे मिटून आठवायला लागले. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "तिसरा बॉल कॅचरच्या हातून निसटला तर! पहिला बेस रिकामा हवा."

"आई!" आन्या म्हणाली. "तुला आठवतंय?"

न आठवून कसं चालेल? नऊ वर्षांची असताना मागच्या अंगणात तिने मला कॅचर केलं होतं. माझ्या हातून प्रत्येक बॉल सुटायचा आणि ती प्रत्येक वेळी पळायची. संपलं असं वाटतानाही पळून बघायची सोय, या खेळातली मला आवडणारी तेवढी एकच गोष्ट.

मग भाकितं सुरू होणार, तेवढ्यात सुशांतला दम निघाला नाही. "काका, तो फेमस क्वेश्चन आधी घेऊ ना. मी सांगतो, यंदा मरिनर्स. राकेशदादा, सॉरी हं!"

भाऊजी हसले. राकेश हातातल्या मार्करचं टोपण काढत-लावत उभा राहिला. मी तर्रीचं पातेलं घेऊन दारातच थांबले.

"मला काहीच फरक पडत नाही आता," आन्या म्हणाली. आवाज शांत होता. "आय मीन, ग्रीन कार्ड आलं तरी माझं नाही येणार. मी काल टोरांटोला हो म्हटलं. ऑगस्टमध्ये जाते."

भाऊजींचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काय करावं ते त्यांना कळेना. सुशांत पोह्यांकडे बघत बसला. मी पातेलं टेबलावर ठेवलं. काल हो म्हटलं आणि आज सकाळी माझ्याबरोबर बसून कोथिंबीर निवडली, एक शब्द बोलली नाही. मला राग आला. मग कळलं की ती बोलली नाही कारण मी रडले असते, आणि मी रडले असते तर ती गेली नसती.

"आई, प्लीज," ती म्हणाली. "इथे राहून पण मी लायनीतच उभी राहणार. तुझ्यासारखी. मला नाही उभं राहायचं."

मी म्हटलं, "पोहे गार होतायत." सगळे खायला लागले.

राकेश बोर्डकडे वळला. "चला, आकडे सांगा."

सुशांत म्हणाला सत्त्याण्णव. भाऊजी म्हणाले चौऱ्याऐंशी, ते नेहमीच किरकिरे. राकेशने आपला एक्क्याण्णव लिहिला.

"आन्या?"

"एकशे बासष्ट."

सुशांतला ठसका लागला. भाऊजींनी चमचा खाली ठेवला. "अगं, एकशे बासष्ट म्हणजे सगळेच्या सगळे! एकही हरणार नाहीत? असं आजवर कुणी केलेलं नाही. तू हरणार, स्टॅम्प पेपरवर लिहून देतो."

"माहितीये, काका."

"मुद्दाम हरतेस?"

"रूल काय आहे?" तिने विचारलं.

"हरणाऱ्याच्या घरी जेवण," भाऊजी म्हणाले. नियमाची गोष्ट निघाली की त्यांना राहवत नाही. "स्वतःच्या हाताने करायचं. बदली चालणार नाही. पण मग ऑक्टोबरात आम्ही सगळ्यांनी टोरांटोला यायचं की काय?"

"टोरांटोला कशाला?" आन्या म्हणाली. "माझ्या घरी. इथे." तिने आमच्या शेगडीकडे बोट दाखवलं. "त्यामुळे मला यावंच लागेल. रूल इज रूल."

एवढं म्हणून ती पटकन पाणी प्यायली.

तिथून इथे यायला तिला पाहुण्यांचा व्हिसा लागणार होता. ज्या घरात दुधाचे दात पडले त्या घरात पाहुणी. आणि तो व्हिसा मिळेलच असं कुणी सांगू शकत नव्हतं. आईबाप इथे, भाऊ-बहीण नाही, ही पोरगी परत जाईल कशावरून, असं विचारणारा माणूस खिडकीमागे बसलेला असतो. हे सगळं आन्याला माहीत होतं. आयुष्यात कधी अंदाज न चुकलेल्या माझ्या पोरीने चुकायचं ठरवलं होतं, फक्त परत येण्यासाठी एक कारण हवं म्हणून.

मी आजवर एकदाही भाकीत केलं नव्हतं. मला पोहे करायचे असतात.

"राकेश," मी म्हटलं, "माझा पण आकडा लिही. एकशे बासष्ट."

"वहिनी!" भाऊजी म्हणाले. "दोघींचा एकच आकडा? दोघी हरलात तर?"

"तर दोघी मिळून तळू."

आन्याने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि माझेही, आणि सुशांत बिचारा उगाचच आपली प्लेट धुवायला उठला.

राकेशने माझ्या नावापुढे आकडा लिहिला. मग तो तिथेच उभा राहिला. त्याने तळहाताने स्वतःचा एक्क्याण्णव पुसला आणि हळूहळू, नीट अक्षरात, एकशे बासष्ट लिहिलं.

"बाबा," आन्या म्हणाली. ती एकाच वेळी हसत आणि रडत होती. "तुला वडी वळता तरी येते का? बावीस ड्रॉ!"

"नाही येत," राकेश म्हणाला. तो अजून बोर्डकडेच तोंड करून उभा होता. "तू ये आणि शिकव."