अठ्ठावीस दिवसांची रजा

आमच्या कोळवणच्या खोऱ्यात कुणी नवी गाडी घेतली, घरावर मजला चढवला, फार काय पोराला जरा महागाच्या शाळेत घातलं, तरी लोक एकच विचारतात: किती गुंठे विकले? काल आमचे चार पासपोर्ट व्हिसा लागून घरी आले आणि आज सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले, तर शेजारच्या रंभाबाईंनी विचारलंच. मी म्हटलं, "एक बी न्हाई. आमी रजेवर चाललोय." त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेतकऱ्याला रजा असते हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. महिन्याभरापूर्वीपर्यंत मीही ऐकलं नव्हतं.

आम्ही जपानला चाललोय. मी, माझा नवरा शेखर, सात वर्षांची किमया आणि चार वर्षांचा वेदांत. अठ्ठावीस दिवस. गेली चार वर्षं आम्ही आमचा इंद्रायणी तांदूळ व्यापाऱ्याला घालत नाही, स्वतः टेम्पोत भरून मारुंजीच्या सोसायट्यांमध्ये नेऊन विकतो. त्यातून बाजूला टाकलेल्या पैशांवर ही सहल आहे, आणि याचा मला गर्व आहे. असला तर असू दे.

कल्पना माझीच. शनिवार-रविवारी शहरातली माणसं आमच्या खोऱ्यात येतात, आमच्या बांधावर उभी राहून फोटो काढतात आणि जाताना रोपं तुडवून जातात. एकदा मी शेखरला म्हटलं, "आपला भात बघाया माणसं येत्यात, मग आपण बी कुणाचा तरी भात बघाया जाऊ." तो हसला. मी हसले नाही. तिकडे मे महिन्यात लावणी चालते, म्हणून एका भातशेतकऱ्याच्या घरी दहा दिवस राहायचं मी पक्कं केलं. त्याची जमीन आमच्यापेक्षा कमी आहे, हे आधी विचारून घेतलं.

लहान पोरं घेऊन एवढं लांब जायचं म्हणजे लग्नघरासारखी तयारी लागते. वेदांतला जीपमध्ये पौड येईपर्यंत उलटी व्हायची. त्याला दर रविवारी थोडं थोडं पुढे नेत आम्ही शहराच्या वेशीवरच्या चांदणी चौकापर्यंत कोरडा पोचवला. चाकांची बॅग ओढायची सवय व्हावी म्हणून किमया ती बॅग अंगणातून गोठ्यापर्यंत ओढायची, आत पाच किलो तांदूळ. काड्यांनी जेवायला शिकवावं म्हणून मी बांबूच्या काड्या तासल्या, तर वेदांतने त्या म्हशीच्या नाकात घातल्या. एका गावात चार रात्रींपेक्षा कमी राहायचं नाही, पोरांची दुपारची झोप मोडायची नाही, पिठल्याचं सामान माझ्या पिशवीत, असं सगळं मी वहीत लिहून काढलं होतं. माझ्या वहीत काही सुटत नाही, असं मी चारचौघांत सांगत होते.

मग बावधनला सुनीती मॅडमच्या ऑफिसात गेलो. त्या तिकिटांचं आणि व्हिसाचं बघतात. बाई मोठ्या चटपटीत. कागद भराभरा चाळत त्या म्हणाल्या, "सगळं आहे. फक्त ऑफिसचं रजा मंजुरीचं पत्र राहिलं."

शेखर म्हणाला, "आमी शेती करतो, मॅडम."

"हो, पण मग तुम्हाला रजा कोण देतं?"

शेखर हसायला लागला. त्याला अडचणीत हसू येतं, मला राग येतो.

"हसू नका," सुनीती मॅडम म्हणाल्या. "तुम्ही परत येणार हे व्हिसा देणाऱ्यांना पटलं पाहिजे. नोकरदाराचं पत्र असतं, तुमचं काय? जमीन कुणाच्या नावावर आहे?"

"आबांच्या. म्हंजे माझ्या वडलांच्या."

"मग पत्र त्यांचंच आणा. सातबाऱ्यासकट. शुक्रवारपर्यंत."

शेखरचं हसू तिथेच थांबलं. आबा म्हणजे माझे सासरे, गेणबा. जपानचं कळल्यापासून महिनाभर ते या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. त्यांनाही डेअरीवर कुणीतरी विचारलं होतं, "गेणबा, कंचा तुकडा काढला?" ज्या माणसाने जमिनीच्या दलालांना ओसरीवर बसू दिलं नाही, त्याला हा प्रश्न. त्या दिवसापासून ते डेअरीवर गेलेच नाहीत. आणि बापाने हो म्हटल्याशिवाय शेखर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. म्हणजे व्हिसाचं जाऊ द्या, आमची सहलच त्या एका कागदावर अडली होती.

छत्तीस वर्षांच्या नवऱ्याची बापापुढे बोलायची छाती होईना. मंगळवारी मीच गोठ्यात गेले. आबा म्हशीला वैरण घालत होते. मी सगळं सांगितलं. पत्र कसलं, कशाला, शुक्रवार.

"किती दिस?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावीस. वीस एप्रिल ते सतरा मे."

वैरणीची पेंढी सोडत ते म्हणाले, "आन् राब कोण भाजनार?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. भाताची रोपं जिथे टाकायची, त्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत पसरून आम्ही ते जाळतो. त्याला राब भाजणं म्हणतात. ऐन मे महिन्याच्या उन्हात, आगीशेजारी उभं राहून करायचं काम. आबांचे गुडघे गेल्यापासून ते शेखर करतो. उलटीच्या गोळ्यांपासून पिठल्याच्या बेसनापर्यंत सगळं लिहिलेल्या माझ्या वहीत राब नव्हता. मी, भात विकून जपानला निघालेली बाई, भाताचंच काम विसरले होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. आबा रिकामी पाटी उचलून निघून गेले.

बुधवार तसाच गेला. मंगळवारपासून जेवण झालं की आबा कुठेतरी जाऊन बसायचे. गुरुवारी मी बॅगेतले पोरांचे स्वेटर काढून पुन्हा कपाटात ठेवले. किमयाने विचारलं, "आई, आपण न्हाई जायचं?" मी तिच्यावर उगाच खेकसले आणि मग न्हाणीत जाऊन रडले. सासूबाई दारातून एवढंच म्हणाल्या, "त्येंना वेळ लागतोय. चाळीस वर्सं बगतीया मी."

शुक्रवारी सकाळी आबा अंगणात उभे. इस्त्रीचा शर्ट, धुतलेली टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. शेखरला म्हणाले, "जीप काढ." कुठे ते सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. वाटेत तलाठ्याच्या ऑफिसपाशी थांबून त्यांनी शिक्क्याचा सातबारा घेतला. मग म्हणाले, "आता बावधन."

ऑफिसात सुनीती मॅडमनी खुर्ची दिली आणि विचारलं, "आपण कोण?"

"मी ह्येंचा साहेब," आबा म्हणाले.

सुनीती मॅडमना हसू आलं होतं, पण आबांचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. आबांनी पिशवीतून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं ठळक, सुटं अक्षर, एकही खाडाखोड नाही. तीन दिवस माणूस एकटा जाऊन काय करत बसत होता ते मला तेव्हा कळलं. "वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं वाचा. ह्येंना बी ऐकू दे." सुनीती मॅडमनी वाचलं. त्याची एक झेरॉक्स मी काढून घेतली. आता ती ओसरीवर लावली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. आबा परत डेअरीवर जायला लागलेत, आणि खिशात त्यांचीही एक प्रत असते.

"मी गेणबा, राहणार कोळवण, धंदा शेती. माझा मुलगा शेखर व सून शुभांगी माझ्या शेतावर काम करतात. दोघांचे काम चांगले आहे. लग्नाला नऊ वर्षे झाली, दोघांनी एकही रजा घेतलेली नाही. तरी त्यांना वीस एप्रिल ते सतरा मे अशी अठ्ठावीस दिवसांची रजा देण्यात येत आहे. नातवंडेही सोबत जातील. या प्रवासासाठी एक गुंठाही विकलेला नाही. सातबारा जोडला आहे, खात्री करावी. राब मी स्वतः भाजीन, गडी लावीन, त्याची काळजी त्यांनी तिकडे करू नये. रोपे टाकायची आहेत, म्हणून अठरा मेला सकाळी दोघांनी कामावर हजर व्हावे. ते येतील, मी ओळखतो. मी स्वतः पन्नास वर्षांत एक दिवसही रजा घेतली नाही, कारण रजा द्यायला माझ्यावर कोणी नव्हते. ह्यांना मी आहे."