फटीतलं कुंकू

शलाकाने सूक्ष्मदर्शकातून पुन्हा पाहिलं. पोलादाच्या दोन पात्यांमध्ये केसाहून बारीक फट होती, आणि त्या फटीच्या काठाला एक लाल कण चिकटून बसला होता.

हिमालयातल्या मोठ्या सौर दुर्बिणीत गोळा झालेला उजेड या फटीतून आत शिरणार, पुढे त्याचे रंग सुटे होणार आणि ते वाचून शास्त्रज्ञ सूर्याची तब्येत सांगणार. काठाला नुसती धूळ असली तरी त्या सगळ्या रंगांतून एक आडवी काळी रेघ जाते. धूळ पुसता येते; पण कणाखाली खाच निघाली तर पाती सरळ भंगारात.

पाती घासली होती तिच्या वडिलांनी. जयवंतराव, तिचे आबा, प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर लेक काम करायची त्याच वाघोडियाच्या वर्कशॉपमध्ये आले. यंत्राला जे साधायचं नाही ते त्यांच्या अंगठ्याला साधायचं. पण उन्हाळ्यापासून हात थरथरू लागले होते. कपबशी वाजायला लागली की ते "गरम आहे" म्हणून खाली ठेवत. जसं काही घरात कोणाला डोळेच नव्हते! "एवढी पाती पास होऊ देत, मग हत्यारं ठेवतो," ते म्हणाले होते. त्याला चार महिने झाले, आणि आता पास-नापास लेकीच्या हाती होतं.

लाल कण कुंकवाचा होता हे ओळखायला सूक्ष्मदर्शक नको होता. परवाच खंडेनवमी झाली. वर्कशॉपमधल्या यंत्रांना हार-कुंकू झालं. पण या खोलीत त्यातलं काही आणायचं नाही, असा दम आबांनीच सगळ्यांना भरला होता. आणि स्वतः? शलाकाला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. तिने घरी फोन लावला.

"आई, आबांनी पात्यांना कुंकू लावलं का ग?"

राजेश्वरीबाई आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "त्यांनी नाही, मी लावलं. पात्यांना नाही ग. ह्यांच्या हातांना."

"हातांना?"

"दरवर्षी आजेसासऱ्यांची तलवार पुजतो ने आपण. ती म्यानातून निघते वर्षातून एकदा. घर चाललं ते ह्या हातांवर. यंदा म्हटलं, त्यांचीच पूजा करू. आधी नको नको म्हणाले, मग रडले. निघताना तीनदा साबणाने धुतले ग त्यांनी. काही बिघडलं का?"

शलाकाला त्या अंगठ्याच्या भेगा आठवल्या. शेवटचा हात फिरवताना आबा हातमोजा काढून ठेवत. मोज्यातून कळत नाही म्हणत.

"बघते," ती म्हणाली.

तिने मऊ लाकडाची काडी टोकदार केली, स्पिरिटमध्ये बुडवली आणि श्वास धरून फटीच्या कडेने एकदाच ओढली. कण निघाला. खालचा काठ अखंड होता. तरी वडिलांचं काम म्हणून तिने सूट दिली नाही. उलट नेहमीपेक्षा दुप्पट जागी मोजलं.

संध्याकाळी मांजलपूरला ती घरी पोचली तेव्हा आबा बंद टीव्हीसमोर बसले होते. दसऱ्याची उरलेली जलेबी बशीत तशीच होती. आईने फोनचं सांगितलेलं दिसत होतं.

"केम, काय झालं? नापास ना?" त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"पास, आबा."

"नीट मोजलंस?"

"नेहमीच्या दुप्पट जागी."

शलाकाने देवघरातली कुंकवाची कोयरी आणली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून त्यांचे दोन्ही हात मांडीवर ओढून घेतले.

"अगं, खंडेनवमी झाली की," ते म्हणाले.

"माझी राहिली होती." तिने एकेका अंगठ्याला कुंकू लावलं. "आणि आता धुवायची घाई नाही."

हात तिच्या हातांत थरथरत होते. आज त्यांनी ते मागे घेतले नाहीत.